एवढ्या मोठ्या पसाऱ्यात अंबाबाई माझं ऐकते का?

पत्र (नाव-गाव वगळून, थोडक्यात)

वय 52. करवीर तालुक्यातल्या एका गावात घर आणि थोडा ऊस. लग्न होऊन आल्यापासून दर शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन, नवरात्रात नऊ दिवस उपवास आणि अनवाणी चालणं. गेल्या हिवाळ्यात धाकट्या मुलानं दाजीपूरला नेलं. तो बी.एस्सी. कृषी करतो. रात्री दुर्बिणीतून त्यानं एक धुरकट ठिपका दाखवला आणि म्हणाला, ही देवयानी, आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, हिचा उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय. पुढं उन्हाळ्यात उसाला ट्रायकोकार्ड बांधताना त्यानंच सांगितलं की या कार्डातून बारीक किडे निघतात, ते खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतात आणि आतला जीव बाहेर यायच्या आधीच खाल्ला जातो.

ताई लिहितात, “तेव्हापासून देवीपुढं हात जोडले की मन लागत नाही. एवढं सगळं जिनं केलं, तिला माझ्या थोरल्याच्या नोकरीचं काय पडलंय? आम्हाला साधा कलेक्टर भेटत नाही. आणि त्या अळीच्या बाजूनं बघितलं तर देव मायाळू कसा म्हणायचा? मालक म्हणतात, जास्त विचार करू नको. सासूबाईंना विचारायची सोय नाही. धाकटा म्हणतो, देव-बिव काही नसतं. थोरल्यासाठी बोललेला नवस तसाच आहे, नोकरी अजून लागलेली नाही. आता नवरात्र आलं. साखर वाढलीय, टाचही दुखते. मनात नसताना उपवास धरणं म्हणजे देवीला फसवणंच की. सगळं सोडून द्यावं का? आणि पोराला काय सांगू?”

उत्तर

ताई,

प्रश्न पडला म्हणून पाप लागत नाही. तुम्ही पत्रात जागोजागी माफी मागितलीय, तिची काहीच गरज नव्हती. गीतेचा अकरावा अध्याय सुरू होतो तोच मुळी अर्जुनाच्या मागणीवर, की तू खरा कसा आहेस ते मला बघायचंय. देव त्याच्यावर रागावला नाही. त्यानं दाखवलं. आणि बघितल्यावर अर्जुनाची गत तुमच्यासारखीच झाली. त्याला दिशा कळेनात, अंगावर काटा आला, जीव घाबरा झाला. शेवटी हात जोडून तो म्हणाला, तुझं ते ओळखीचं रूप परत दाखव. विश्वरूपाची चित्रं आपण घरोघर लावतो, पण अध्यायाच्या या शेवटाकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. सगळं विश्व एका ठिकाणी पाहिलेला माणूस पुन्हा आपल्या ओळखीचा देव मागतो. देव त्याला ‘तू अजून कच्चाच आहेस’ असं सुनावत नाही. ते सौम्य रूप घेऊन घाबरलेल्या अर्जुनाला धीर देतो. दाजीपूरच्या आभाळाखाली तुम्हाला जे झालं, ते याच जातीचं आहे असं मला वाटतं. तुमची श्रद्धा मोडलेली नाही. ती हादरलीय, आणि हादरण्यासारखंच तुम्ही पाहिलंय.

आता त्या कलेक्टरच्या वाक्याकडे येऊ. तुमची सगळी घालमेल मला त्या एका वाक्यात दिसते. कलेक्टर आपल्याला भेटत नाही, कारण तो एक माणूस आहे, त्याच्याकडे दिवसाचे चोवीस तास आणि अख्खा जिल्हा आहे. कामाचा पसारा वाढला की माणसाचं लक्ष पातळ होतं. ही आपली मर्यादा आहे, आणि तुम्ही ती देवीला लावून मोकळ्या झालात. पसारा अफाट आहे खराच. आपल्या आकाशगंगेतच निदान दहा हजार कोटी तारे आहेत, आणि तुम्ही पाहिलेली देवयानी ही तशीच वेगळी दीर्घिका, अशा तर अगणित आहेत. पण हे सगळं जिचं आहे असं मानायचं, तिचं लक्ष मात्र आपल्या सरकारी साहेबाइतकंच पुरतं असं धरायचं, हे जुळत नाही. देव आकारानं वाढवला, पण कुवतीनं माणसाएवढाच ठेवला, असं झालं हे.

आणि लहानाकडे दुर्लक्ष होतं असं सृष्टीकडे बघून तरी दिसत नाही. पुढच्या वेळी कार्ड बांधताना मुलाकडून भिंग मागून घ्या. त्या एका कार्डावर वीस हजारांच्या आसपास अंडी चिकटवलेली असतात. त्यातून निघणारा ट्रायकोग्रामा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, मोहरीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी लहान. भिंगाखाली त्याचे तांबडे डोळे दिसतात. पंखांच्या कडेला झालर असते, आणि पंखांवरचे केस रांगा धरून उगवलेले असतात. मादी खोडकिडीच्या अंड्यावर चालत जाते, मिशांनी ते ठोकून बघते, केवढं आहे याचा अंदाज घेते आणि त्या अंदाजानं आत किती अंडी घालायची ते ठरवते. शेतात हजारो रुपयांचं खत टाकणारे आपण, हा हिशेब कधी बघितलाय का? जो प्राणी कुणाच्या नजरेलाही पडत नाही, त्याच्या घडणीत कुठं उरकून टाकल्याची खूण नाही.

इथं एक गोष्ट सरळ सांगायला हवी, नाहीतर तुमचा धाकटा मला बरोबर पकडेल. हे पंख, या मिशा नैसर्गिक निवडीतून लाखो वर्षांत घडत आल्या, हे विज्ञान सांगतं आणि ते मला मान्य आहे. त्यामुळे ‘किडा इतका सुबक, म्हणजे देव आहेच’ असा पुरावा मी तुमच्यापुढे ठेवत नाहीये. तो तसा टिकतही नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. देव आहे असं तुम्ही मानताच, तर त्याचा स्वभाव कलेक्टरवरून ठरवू नका. त्यानं जे केलंय म्हणता, त्यावरून ठरवा. आणि त्या सृष्टीत लहान म्हणून वगळल्याचं दिसत नाही.

सृष्टी बघून अजून एक समज गळून पडतो, की हे सगळं माणसासाठी केलंय. ज्योतिबाचा डोंगर ज्या काळ्या खडकाचा आहे, तो लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतला. आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर आली त्याला तीन लाख वर्षं झाली असतील. म्हणजे गुलाल उधळायला कुणीच नव्हतं, तेव्हाही तो डोंगर होता. शास्त्रज्ञांनी आजवर नावं दिलेल्या कीटकांच्या जाती दहा लाखांच्या घरात जातात, त्यातल्या साडेतीन ते चार लाख नुसत्या भुंगेऱ्यांच्या. वळवाचा पाऊस पडला की तुम्ही कडुनिंब आणि बाभळी हलवून रात्री हुमणीचे भुंगेरे गोळा करता ना, ती त्यातलीच एक जात. बाकीच्या लाखांशी आपलं काहीही देणंघेणं नाही. हे करणारा कुणी असेल, तर त्याला नुसत्या उपयोगाच्या वस्तू करण्यात रस नव्हता, एवढं नक्की म्हणता येतं. मला तरी हे ऐकून हलकं वाटतं. विश्वाच्या मधोमध आपण नाही, म्हणजे ते सगळं डोक्यावर घेऊन चालायची जबाबदारीही आपली नाही.

पण अळीचं काय?

ताई, या प्रश्नाला ‘देवाची लीला’ म्हणून मी बाजूला सारणार नाही. तुमचा प्रश्न फार मोठ्या माणसांनाही पडलेला आहे. चार्ल्स डार्विननं 1860 साली एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं, त्यात हीच अडचण मांडलीय. जिवंत अळीच्या शरीरात राहून तिला खाणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं मुद्दाम घडवल्या, हे माझ्या मनाला पटत नाही, असं तो लिहितो. आणि त्याच पत्रात पुढं कबूल करतो की हा विषय माणसाच्या बुद्धीच्या पलीकडचा आहे, कुत्र्यानं न्यूटनच्या मनाचा अंदाज बांधण्यासारखं आहे हे. तुमच्या शेताच्या बांधावरून तुम्ही ज्या जागी पोहोचलात, तिथंच तो उभा होता.

आपल्याच सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात दवबिंदू नावाचं इवलंसं झाड उगवतं. पानांवरच्या चिकट थेंबांना किडा चिकटला की पान त्याला हळूहळू जिरवतं. जांभ्याच्या त्या पातळ मातीत नत्र फार कमी असतं, म्हणून ते किड्यातून घ्यावं लागतं. कारण कळलं तरी किड्याचं मरण काही टळत नाही. सृष्टीत देखणेपण आहे, नेमकेपण आहे आणि हेही आहे. म्हणून मी या निष्कर्षाला आलोय की सृष्टीकडे बघून देवाची अफाटता कळेल, लहानातल्या लहानाकडचं लक्ष कळेल, पण त्याची दया तिथं सरळ वाचता येत नाही. ती शोधायला दुसरीकडे जावं लागतं. तुमच्या पत्रात ‘त्या अळीच्या बाजूनं बघितलं तर’ असं आलंय. खोडकिडीनं तुमचा ऊस पोखरला असता. तिचा नायनाट व्हावा म्हणून तुम्ही पैसे मोजलेत. तरी तिची बाजू तुमच्या मनात आली. ही माया तुम्हाला कुठून आली, हा प्रश्न मला देवयानीच्या अंतराइतकाच मोठा वाटतो. मायाळू देवाचा शोध तिथून घ्यावा.

आपल्या भागात जैन शेतकरी पुष्कळ आहेत, तुमच्या शिवेला शीव लागूनही असतील. त्यांच्या धर्मात जग कुणी निर्माण केलेलं नाही, ते अनादि आहे. निर्माता नाही, म्हणजे निर्मात्याच्या स्वभावाचा प्रश्नही नाही. पण जीवांच्या विविधतेकडे जितकं बारकाईनं त्यांच्याकडे बघितलं जातं, तितकं क्वचितच कुठं. एकेंद्रिय ते पंचेंद्रिय अशी जीवांची मांडणी केलेली, आणि अंधारात न दिसणाऱ्या बारीक किड्यांनाही इजा होऊ नये म्हणून दिवस मावळायच्या आत जेवण. हे मी का सांगतोय? तुम्हाला भीती वाटतेय की निर्मात्याबद्दल शंका आली तर सगळंच हातातून जाईल, घरात काही पवित्र उरणार नाही. तसं होत नाही. तुमच्या शेजारीच तसं न होता पिढ्या गेल्यात.

आता अंबाबाई. तुमचं तिच्याशी नातं जुळलं ते आभाळ मोजून जुळलेलं नव्हतं. नवी सून म्हणून घाबरत या घरात आलात, शुक्रवारी देवळात जायला मिळायचं, तेवढा वेळ मोकळा श्वास मिळायचा, असं तुम्हीच लिहिलंय. त्या नात्यात तारे किती हा मुद्दा कधीच नव्हता. मग तारे जास्त निघाले म्हणून ते तुटायचं कारण काय? मोडली असेल तर ‘देवी म्हणजे गावातली मोठी, ओळख लावली की काम करून देणारी बाई’ ही कल्पना मोडलीय. ती मोडली ते बरंच झालं.

टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोली देवीची, कथा तुम्हाला माहीतच आहे. कोल्हासुराच्या वधानंतर विजयाचा सोहळा झाला, त्यात त्र्यंबोलीला बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर बसली. तिला कुणी बोलावणं धाडून आणलं नाही. अंबाबाई स्वतः तिच्याकडे गेली, आणि अजूनही दर ललिता पंचमीला पालखी तिकडे जाते, कोहळा फुटतो. करवीरची सगळी सत्ता जिची, ती एका रुसलेल्या सखीसाठी टेकडी चढते. मोठेपण आणि जवळीक एकत्र नांदू शकते, हे आपल्या माणसांनी दुर्बीण नसतानाही ओळखलं होतं. आणि आभाळाचंही त्यांना वावडं नव्हतं. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून गरुड मंडपात, तिथून कासव चौक, पितळी उंबरा ओलांडून देवीच्या पायांशी येतात. सूर्य दक्षिणेकडे सरकताना एकदा आणि उत्तरायणात परत फिरताना एकदा क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून वर्षातून दोन वेळा. दोन्ही तारखा डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवसापासून जवळपास सारख्या अंतरावर, मोजून बघा. 15 कोटी किलोमीटरवरून सव्वाआठ मिनिटांत आलेला उजेड गाभाऱ्यात घ्यायचा, तर आभाळाचं गणित जाणावं लागतं. यंदा नोव्हेंबरात जमलं तर धाकट्याला हे गणित विचारा.

नवरात्राचं म्हणाल तर सगळं सोडणं आणि सगळं ओढत नेणं या दोन्हीतलं काही करू नका. घाईत सोडलेलं पुढं मनाला खातं, आणि मन मारून केलेलं चिडचिड होऊन घरच्यांवर निघतं. तुमच्या व्रताचे भाग सुटे करून बघा. अनवाणी चालणं टाच दुखत असताना कशासाठी? प्रेमानं असेल तर देवीला ते पायात चप्पल घालूनही पोहोचेल. न केलं तर काही वाईट होईल या भीतीनं असेल, तर यंदाच थांबवा. साखर वाढलेली असताना नऊ दिवसांचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. गोळ्या चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते. उठता-बसता उपवासही, म्हणजे घट बसतात आणि उठतात तेवढ्याच दिवशी धरलेला, आपल्याकडे मान्य आहे, तोही डॉक्टरांना विचारूनच. शुक्रवारचं दर्शन मात्र सोडू नका असं मी म्हणेन. मन लागत नसेल तर तसं तिला सांगा. ‘आज मन लागत नाही’ असं देवीपुढं उभं राहून म्हणणं यात फसवणूक कुठं आली?

नवसाबद्दल माझं मत ठाम आहे. नोकरी लागायची वाट बघू नका. खण, नारळ, साडी, जे बोललात ते याच नवरात्रात नेऊन वाहा, आणि मागणं मागणं म्हणूनच राहू द्या. आई लेकरासाठी मागणारच, त्यात कमीपणा नाही. सौदा तेवढा मोडा. मग थोरल्याला नोकरी लागो न लागो, देवीनं आपला शब्द पाळला की नाही हा हिशेब तुमच्या डोक्यात राहणार नाही. नोकरी न लागण्याची कारणं बाजारात, भरतीत, परीक्षेत आहेत. त्या पोराच्या अपयशाला तुमच्या श्रद्धेतली उणीव चिकटवू नका, त्यालाही ते कळत असतं.

धाकट्याशी वाद घालू नका. तो देव नाही म्हणतो, पण आईला थंडीत दाजीपूरला नेऊन आभाळ दाखवायची हौस त्याला आहे. डार्विननं ज्याला ते पत्र लिहिलं तो एसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता, आणि अमेरिकेत डार्विनची बाजू मांडणाऱ्यांत तोच पुढे होता. देवाबद्दल दोघांचं जमलं नाही, पत्रव्यवहार मात्र चालू राहिला. तुमचंही तसं चालू द्या. त्याला म्हणा, मला अजून दाखव. नवरात्राच्या पहिल्या रात्री नुकतीच अमावास्या होऊन गेलेली असते, चंद्र लवकर मावळतो. पाऊस उघडला असेल तर नऊ-साडेनऊला गावाच्या दिव्यांपासून लांब, शेताच्या वरच्या बाजूला उभं राहून ईशान्येला बघा. अंधाराला डोळे सरावले की दुर्बिणीशिवायही देवयानीचा पुसटसा डाग सापडतो. कुणाचाही असा गोंधळ चालू असेल, तर मी त्यांना हेच सांगेन की एकदाच बघून घाबरून थांबू नका. पुन्हा पुन्हा बघा. पहिल्या वेळचा धसका ओसरतो आणि मग नीट दिसायला लागतं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना विचारायची सोय नाही, हे तुम्ही गृहीत धरलंय. त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त नवरात्रं केलीत, जास्त मरणं बघितलीत, आणि त्यांच्या तरुणपणी गावात वीज नसेल तेव्हा रात्रीचं आभाळ तुमच्यापेक्षा त्यांनी जास्त बघितलंय. त्यांना असा प्रश्न कधी पडलाच नसेल हे मला खरं वाटत नाही. विचारायला कुणी नव्हतं म्हणून त्या बोलल्या नसतील. घटाची तयारी करताना, परडीत माती भरताना सहज विचारून बघा, ‘आत्या, तुमचं मन कधी असं उडालं होतं का हो?’ काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.